टॉवरखालची रात्र

साखर पेठेतल्या टॉवरखाली त्या रात्री
जेवढे फोन होते, सगळ्यांच्या नोंदी नेल्या.
चौदा हजार दोनशे सहा.
त्यात माझीही.
मी अक्काला तेलुगूत विचारत होतो,
विड्यांची पानं भिजत घातलीस का.

माहिती अधिकारात अर्ज टाकला : परवानगी कुणाची?
उत्तर आलं, समिती बघते.
समिती बसते कधी?
सांगता येत नाही.

चाळीस वर्षं मागावर गेली, साहेब.
धागा तुटला की माग थांबवायचा,
तेवढाच हुडकायचा, थुंकी लावून गाठ.
अख्खा ताणा कापून घरी नाही न्यायचा.

आणि गेटबाहेर साधा टॉवेल गेला
तरी घडीखात्यातल्या नरसव्वाचा
नंबर असतो त्याच्यावर.

तिला विचारता येतं.