दुहेरी रेघ

डॉक्टरीणबाईंनी कोऱ्या कागदावर आमचं घराणं मांडलं.
पुरुष चौकोन, बाई गोल.
मला नि यल्लम्माला जोडताना पेन दोनदा फिरवलं.
दोन रेघा कशाला, मी विचारलं.
म्हणाल्या, नात्यातलं लग्न असलं की दोन.
म्हटलं, नात्यातलं म्हणजे, सख्ख्या अक्काची मुलगी.
लग्नाआधी मला मामा म्हणायची,
अजूनही मामाच म्हणते.

गोवर्धनचा चौकोन त्यांनी काळा भरला.
आमचे दोघांचे अर्धे.

एकोणीस वर्षांचं पोर.
दिवेलागणीनंतर त्याला चपला सापडत नाहीत,
साखर पेठेत उभ्या सायकलीला धडकतो,
"दिसत नाही का बे?" ऐकून घेतो.
खरंच दिसत नाही, हे सांगायची त्याला लाज.
टॉवेलाची मधली नक्षी दिसते,
काठ दिसत नाही.
आणि काठ दरवर्षी आत सरकतो.

मग आईचा भाऊ आठवला, मुत्तय्या.
रातपाळी नको म्हणायचा.
मालक आळशी म्हणे, आम्हीही म्हणायचो.
एकदा कंबर तलावाकडून घरी यायला
त्याला सकाळ झाली; रात्रभर एका झाडाला धरून बसला होता.
बाई, म्हटलं, त्याचाही काळा करा.
मरून चाळीस वर्षं झाल्यावर
तो आळशी नव्हता.

बत्तीस वर्षं मी जेकार्डची कार्डं पंच केली.
भोक असलं तर हूक वर, धागा वर.
भोक नसलं तर नाही.
यंत्राला मोर ठाऊक नसतो, फक्त भोकं.
एकदा एक भोक पाडायचं राहिलं
आणि बारा डझन चादरींवर
आंधळे मोर विणले गेले.
कुणाच्या लक्षात आलं नाही, गिऱ्हाइकाच्या आलं.
पगार कापला. एक चादर मी घरी आणली,
गोवर्धन लहानपणापासून तीच पांघरतो.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या लिहायच्या थांबल्या.
म्हणाल्या, आम्ही तेच भोक शोधतोय.

त्यासाठी अक्काचं रक्त हवं होतं.
अक्का भडकली. माझ्या रक्तात खोट काढता?
विड्या वळायचं सूप पुढे ओढून
दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी तंबाखूचे हात धुऊन आली,
पदर सावरला, दंड पुढे केला,
आणि सुई टोचताना नातवाकडे बघत राहिली.

चौदा महिन्यांनी सापडलं.
अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं.
बाईंनी वाचून दाखवलं, मी कागद उजेडाकडे धरून पाहिला,
जुनी सवय.
चुकलेल्या कार्डावर आम्ही चिकटपट्टी लावायचो, नवीन भोक पाडायचो.
तसं नाही का करता येत?
येतं, म्हणाल्या, काही घराण्यांना.
बरोबर कार्ड विषाणूच्या पोटात घालून
डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचवतात.
पण तुमचं कार्ड लांब आहे,
त्या पोटात मावत नाही.
अजून नाही, म्हणाल्या.
हा 'अजून' मी रिक्षात अशोक चौकापर्यंत
हातात धरून आणला.

रात्री यल्लम्मा म्हणाली, मामा,
रेणुकाला अंबय्याच्या पोराचं स्थळ आलंय.
आपल्यातलाच आहे.
रेणुका आतून म्हणाली, आधी त्याचं रक्त तपासा.
कुणी हसलं नाही. मग गोवर्धनच हसला.

तो चादर अंथरत होता.
दिवा त्याच्यासाठी मोठाच ठेवतो आम्ही,
तरी हाताने चाचपत
मोराच्या मानेवरून वर सरकला,
एका जागी बोट थांबवलं.
अप्पा, डोळा इथे यायला हवा होता ना?

मी वाकून पाहिलं.
म्हटलं, थोडा डावीकडे.