अक्षर

रिओनीच्या काठाला, दोन पायऱ्या उतरून माझं दुकान.
नदी फुगली की आधी मशिनं वर चढवते, मग स्वतः.

नुगझार आला तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून,
बेकरीतून गरम पाव आणावा तसं.
उलगडलं तर हार्ड डिस्क. ओलसर, बर्फागत गार.
"रात्रभर फ्रीजरमध्ये होती. मेव्हणा म्हणाला, कधी कधी चालतं."
मेव्हण्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या
आणि डिस्क ठेवून दिली खिडकीत,
अंगावरचं पाणी आटेपर्यंत.

तोवर तो बोलत होता.
दोनशे चौदा लग्नं आहेत हिच्यात.
एकवीस वर्षं, कुताइसीपासून पार वरच्या खेड्यांपर्यंत,
खांद्यावर कॅमेरा आणि खिशात कुणीतरी कोंबलेलं चीज.
त्यातलं एकच हवंय, गुरुवारच्या आत.
मुलगी झेस्ताफोनीला, नवरा पोझनानला ट्रक चालवतो.
तिथल्या कचेरीतली बाई कागद बघते, शिक्के बघते,
चष्मा काढून विचारते,
पण हे लग्न खरं कशावरून?

"आणि तुझा संगणक काय म्हणाला?"
नुगझारने घसा खाकरला, साक्ष द्यावी तसा.
"म्हणाला, ही वाचता येत नाही.
वापरायची तर आधी फॉरमॅट करा.
भाचा 'हो' दाबणारच होता. मी प्लगच उपटला."

इतकी वर्षं मी हे वाक्य वाचते आहे.
ओळख पटत नाही, तर पुसून टाकू?
आणि किती अदबीनं विचारतात,
'हो'भोवती आधीच निळी चौकट आखून.

दुपारी डिस्क कोरडी झाली.
तिची केबल मी वाकवून पाहिली, मानेपाशी तुटलेली.
कचऱ्यात टाकली. माझी जाड, आखूड केबल लावली,
पुढच्या नव्हे, मागच्या पोर्टला,
जिथे वीज पोटभर मिळते.
दिवा लागला. कान टेकवला.
टकटक नाही, खरखर नाही,
झोपलेल्या मांजरासारखी एकसारखी घरघर.
म्हणजे जीव आहे.
पण पडद्यावर डिस्क ब्र काढेना.

नुगझारने टोपी काढून हातात घेतली.
"अजून मेली नाही," मी म्हणाले, "टोपी घाल."

मग मी आतली यादी उघडली,
जी गिऱ्हाइकं सहसा बघत नाहीत.
तिथे होती ती. खालून दुसरी ओळ.
नऊशे एकतीस जीबी, प्रकृती उत्तम,
फक्त नावापुढे अक्षर नाही.
सी होतं, डी होतं, ई कार्ड रीडरने बळकावलेलं,
आणि हिला कुणी काही दिलंच नव्हतं.

शाळेत आम्हाला अक्षरं शिकवली
द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी, वळवून वळवून.
या खिडकीला असलं काही लागत नाही.
एक परकं, ताठ अक्षर पुरतं.
मी एन दिलं.
"नुगझारचं?" त्याने विचारलं.
खरं तर बोट तिथेच पडलं होतं.
मी हो म्हणाले.

फोल्डर भराभरा उघडले, पत्त्यांच्या पिसाऱ्यासारखे.
झेस्ताफोनी सापडलं, सप्टेंबर, भाग तीन.
मांडवात कुणाचा तरी काका शिंग भरून उभा,
भाषण संपता संपत नाही,
आणि मागे, कॅमेरा आपल्याकडे नाही असं समजून,
नवरी बूट काढून नवऱ्याच्या पावलावर पाऊल टेकवते,
गार पडलंय म्हणून.
कचेरीतल्या बाईला याहून काय हवं, मला ठाऊक नाही.
आम्ही दोघंही तो तुकडा परत एकदा बघून घेतला.

मी पेन ड्राइव्हवर प्रत केली. पंधरा लारी सांगितले,
त्याने वीस ठेवले, वर खिशातलं चीज.
आणि आनंदाच्या भरात
डिस्कची केबल सरळ हिसकून ओढली.

"नुगझार!"

तो टॉवेल गुंडाळत दारात थबकला.
"काय? नेहमी अशीच तर काढतो."