दोनशे बारा लिटर

समितीच्या खोलीत एसी फार थंड.
कोताबातोच्या उकाड्यातून आत आले
आणि घाम पाठीवरच गार झाला.
पुढ्यात फाइल. फाइलवर माझं नाव:
नोरायदा उतो, लेखापाल, मानवाधिकार आयोग.
आयुक्तबाई शेजारी. त्यांना भाषणं येतात.
मला पावत्या येतात. म्हणून मला बोलावलंय.

सदस्य कुसाइन चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
'पान एकेचाळीस. लाँचचं पेट्रोल. दोनशे बारा लिटर.
निष्पन्न काय, तर तक्रार एक.
एका तक्रारीला दोनशे बारा लिटर?'
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

प्रश्न बरोबर होता.
घरी गेल्यावर नवऱ्यालाही हेच सांगेन, प्रश्न बरोबर होता.
पैसा लोकांचा. तो कुठे जळला
हे विचारायलाच ह्या खुर्च्या मांडल्यात.
आमच्याकडे याआधी परिसंवादांचे टी-शर्ट निघालेत,
ताडपत्रीएवढे फलक निघालेत,
त्यांवर बारीक अक्षरांत अधिकार
आणि मोठ्ठे साहेबांचे फोटो.
तेव्हा कुणी पान उलटलं नाही.
ते असो.

मी म्हटलं, साहेब, जाऊन-येऊन त्रेपन्न लिटर.
फेऱ्या चार.

'चार कशाला?'

पहिल्या फेरीला ती बोललीच नाही.
जालमाइदा. पाण्यात खांबांवर उभं घर,
दाराशी शेवाळ वाळत घातलेलं.
ते उलटतपालटत राहिली, आम्ही बसून राहिलो.
दुसऱ्या फेरीला वाफवलेला कसावा पुढे केला
आणि म्हणाली, परत येणार म्हणता, खरंच येता की काय?
तिसऱ्या फेरीला बोलली.
धाकटा धक्क्यावर बर्फाची लादी आणायला गेला होता,
गणवेशातली दोन माणसं, एक निळी बोट.
लादी तिथेच राहिली.
ती वितळायला किती वेळ लागला तेही तिला ठाऊक,
कारण ती शेजारी बसून होती.

चौथी फेरी तिच्याच शब्दांसाठी.
आम्ही लिहिलेलं तिला तिच्या सिनामात वाचून दाखवायचं,
मगच अंगठा. नियम आहे, साहेब.
एका ठिकाणी तिने हात वर केला.
'बेपत्ता' नको म्हणाली.
तो हरवला नाही. नेला.
आम्ही खोडलं, वर लिहिलं,
खाडाखोडीवर वेगळा अंगठा घेतला.

एवढं पावतीत मावत नाही.
पावतीला रकाने सहा, सहावा शेऱ्याचा.
शेऱ्यात मी लिहिलं होतं: हवामान खराब.
तेही खोटं नव्हतं.

सदस्य कुसाइननी चष्मा नाकावर घेतला.
मला वाटलं आता पान बेचाळीस.
पण बोट एकेचाळीसवरच ठेवून त्यांनी विचारलं,
'मग त्या तक्रारीचं पुढे काय?'

आयुक्तबाईंचा हात माइककडे गेला,
आणि मागे आला.
अहवाल मार्चमध्ये सादर झालाय, मी म्हटलं,
ह्याच सभागृहाला. ह्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर.
पोच आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट.

आता कुणी हसलं नाही.

मग तोंडातून निघून गेलं:
पाचवी फेरी राहिलीय.
तिला कळवायची.
पेट्रोल ह्या आक्षेपात अडकलंय, आणि खरं सांगू का,
अडकलं नसतं
तरी काय सांगायला गेलो असतो?

आयुक्तबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

कोपऱ्यात हाजी तुंगाल, बेटांकडचे सदस्य,
सकाळपासून डोळे मिटून. आम्हाला वाटलं झोपलेत.
'पाचव्या फेरीला किती?' डोळे न उघडताच म्हणाले.

त्रेपन्न.
समुद्र शांत असला तर.

मग उघडले. खिसे चाचपले.
शेजाऱ्याकडून मागून घेतलं काहीतरी
आणि आकडा लिहून ठेवला,
अजेंड्याच्या समासात,
पेन्सिलीने.