महत्त्वाचा कालखंड

तिकीट चौदा डॉलर. ज्येष्ठांना अकरा.
बुटांवर निळ्या पिशव्या चढवायच्या, म्हणजे
एकोणीसशे नऊ सालच्या ओक लाकडाला
आमच्या पायांचा त्रास होत नाही.

दाराशी पितळी पाटी:
मिलवॉकी शहराची वारसा वास्तू.
हेर्मान फोल्ट्झ, चामड्याचे कारखानदार, यांचे निवासस्थान.
मी पाटीला नाक लावून वाचतो.
चष्मा गाडीत राहिलाय.

गाइड कोवळा आहे. टायलर की टेलर.
जिन्याचा कठडा दाखवतो, रंगीत काचेतले ट्यूलिप,
जेवणघराच्या भिंतीला मढवलेलं कातडं,
मालकाच्याच कारखान्यातलं,
अजून वास येतो म्हणे.
येत नाही.
सदुसष्ट सालीही येत नव्हता. तेव्हा यायचा
उकडलेल्या कोबीचा, ओल्या लोकरीचा,
आणि वारा फिरला की
दारूच्या भट्ट्यांवरून आंबल्या पिठाचा.

'या घराचा महत्त्वाचा कालखंड', तो सांगतो,
'एकोणीसशे नऊ ते एकतीस.'
म्हणजे काय, कुणी विचारत नाही,
तेव्हा तोच उलगडून सांगतो:
त्यानंतर जे जे झालं ते काढून टाकलं.
खोट्या भिंती, लिनोलियम,
सात दारांवरची सात कुलपं.
तीन ट्रक भरले.

पाच नंबरची खोली त्यातल्याच एका ट्रकमधून गेली.
आता तिथे मिसेस फोल्ट्झ शिवायला बसतात.
यंत्र त्यांचं नव्हे,
लिलावात घेतलेलं, भलत्याच गावचं.

पाच नंबरमध्ये मी होतो. बावीस महिने.
आठवड्याला नऊ डॉलर, चादरीसकट.
चार नंबरमध्ये डेलबर्ट, रात्रपाळीचा बसड्रायव्हर,
पहाटे परतला की पायऱ्या मोठ्याने मोजत चढायचा.
अठरा. रोज अठरा.
एकदा सतराच भरल्या,
तर खाली जाऊन पुन्हा चढला.

अडुसष्टच्या फेब्रुवारीत माझी स्कॉलरशिप अडकली.
भाडं थकलं. मिसेस कोवाल्चिक काही बोलली नाही.
तळघरातून एक डबा आणला, एक ब्रश,
आणि जिन्यावरच्या बोळाकडे हनुवटी केली.
दोन आठवडे माफ.
रंग पिस्ता. तिची निवड नव्हती ती,
कुठल्याशा इस्पितळाच्या कामातून उरलेला.
मी आयुष्यात ब्रश धरला नव्हता.
मिरजेला आमच्याकडे चुना द्यायला मुसा यायचा,
मी बादली धरायचो, इतकंच.
ओघळ आले.
ती खाली उभी राहून पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली,
कौतुक नव्हतं ते, एवढं कळलं.

बोळ आता मधाच्या रंगाचा आहे. अस्सल.
फक्त एका कोपऱ्यात, काचेखाली,
पोस्टकार्डाएवढा तुकडा तसाच ठेवलाय:
एकेक थर खरवडून
पायऱ्या पायऱ्यांनी उघडा केलेला.
'अकरा थर', टायलर सांगतो, 'तळातला मूळचा.
बाकी नंतरचे. नोंद नाही.'

वरून चौथा.
बोटभर रुंद.
पिस्ता.

मी काठी या हातातून त्या हातात घेतो.
सांगावं का, बाबा रे, कर नोंद:
म्हैसाळकर, मुक्काम मिरज,
एकच हात, तोही खाली न घासता,
भाड्यापोटी.
पण मागे नऊ माणसं खोळंबलीयत
आणि एक पोरगी कधीची
आईचा कोट ओढते आहे.

'काही प्रश्न?'
मी हात वर करतो.
दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीत गरम पाणी
अजून तितकंच उशिरा येतं का?

सगळे हसतात. टायलर हातातले कागद चाळतो,
खरंच चाळतो, मागचं पानसुद्धा बघतो.
'न्हाणी खुली नाही, सर', तो म्हणतो.
'आणि नळ जोडलेले नाहीत.'