बत्तीसचा पाना

दुपारी अडीचला, लाईट नुकतीच आली होती,
दस्तगीर शिकलगार दुकानात शिरले
आणि काउंटरवर रुमालाची गाठ सोडली.
आत कॅमेरा. लिंबाएवढा, करडा,
वायर चिकटपट्टीनं तीन ठिकाणी बांधलेली.
“हा नव्या मशीनला दिसंना झालाय बघ, वैजू.”

मी म्हटलं, मामा, आठशेला नवा मिळतो.
तर त्यांनी दुसऱ्या खिशातून नवाही काढला.
“पोरानं दिलाय. लांबचं झकास बघतोय.
घड्याळाच्या पोटात बघाय लावला
की आपलं आपणच ठरवतोय काय बघायचं.
माझा अंगठा बघतोय, मागची भिंत बघतोय.
जुन्याच्या नाकाला आटे हायत, हातानं फिरवायचे.
तिळाएवढा स्क्रू सुपारीएवढा दाखवतोय.”

पापाच्या तिकटीला त्यांचं घड्याळांचं खोकं.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला,
दुसऱ्याचं ‘बघू दिवाळीनंतर’, तीन दिवाळ्यांपासून.

मी वायर खोचली.
कॉम्प्युटर टुंग म्हणाला, आणि पिवळा त्रिकोण:
अनोळखी उपकरण.

आता या गावात अनोळखी राहायची सोय आहे का?
चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत
विचारतात, कुठल्या गल्लीतला? कुणाचा? तालीम कुठली?
मशीनही तेच विचारतं, फक्त अक्षरं मोजून:
चार अक्षरांत आडनाव, चार अक्षरांत नाव.
वायरीतून ते आलं. नीट आलं. मी वाचलं.
त्या आडनावाची कंपनी दोन हजार नऊलाच बुडाली.
सीडी होती म्हणे बरोबर.
सीडी आता मामींनी परड्यातल्या पेरूला बांधलीय,
पोपट हाकायला.

शेवटी एक ड्रायव्हर सापडला.
बत्तीस बिटांचा. मशीन चौसष्टचं.
“म्हंजे?”
म्हटलं, पाना बत्तीसचा, नट चौसष्टचा.
मामा तरुणपणी उद्यमनगरात अकरा वर्षं लेथवर होते.
“मग नुसता फिरतोय, धरत न्हाई.”
हेच समजायला मला कॉलेजात दीड वर्ष लागलं होतं.

चार वाजले. चहा झाला. पाच वाजले.
एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन आलं, भांडून गेलं.
मग पेनड्राइव्हवरची ती दुसरी प्रणाली लावली,
फुकटातली, जिच्यात कुठकुठली रिकामटेकडी माणसं
बुडालेल्यांची नावं पुसायची राहू देतात.
कॅमेऱ्याच्या कपाळावर लाल दिवा लागला.

पडदा आधी हिरवागार, मग राखाडी,
मग शिकलगारमामा:
दाढी वर, टोपी खाली,
आणि पार तळाला छताचा पंखा फिरतोय.

थांबा, म्हटलं, एक ओळ लिहिली की सरळ होईल.
ती ओळ मला आठवेना.
शोधत होते, तोवर मामांनी कॅमेरा उचलला, उलटा केला
आणि टेबललॅम्पच्या दांडीला चिमट्यानं टांगला, वाघळासारखा.
“झालं की.”

झालंच होतं.

खिशातून कुणा गिऱ्हाइकाचं घड्याळ काढलं,
पाठ उघडून त्याखाली धरलं, आटे फिरवले.
धूसर. धूसर. आणखीच धूसर.
आणि एकदम ते बारकं चाक,
पडद्यावर तव्याएवढं,
अर्धं इकडं अर्धं तिकडं, धाप लागल्यासारखं.
मग झाकणाची आतली बाजू.
तिथं सुईनं ओरखडलेलं काहीतरी.
मामा पडद्याला नाक लावून वाचत राहिले:
तीन, सहा, अठ्ठ्याऐंशी. द. शि.

“हे तर मीच खोललं होतं,” म्हणाले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग, “तवाबी हाच स्क्रू ढिला होता.”

किती झाले, विचारलं. दीडशे, म्हटलं.
शंभर दिले, आणि वर तो नवा कॅमेरा.
“ठेव तुला. लांबचं बघाय.”

जुना रुमालात बांधून गेले.
नवा अजून काउंटरवर आहे.
मागची भिंत बघतोय.