सवागी

धरणगावात मे महिन्यात
पत्र्याला हात लावू नये, हे पोरांना
बाराखडीच्या आधी येतं.
भिकन परटाच्या दुकानात मी तापमापक टांगला:
वर पत्रा, खाली निखाऱ्यांची इस्त्री,
मध्ये भिकन.
अडीच वाजता त्रेपन्न.
तो म्हणाला, आकडा कशाला लिहितेस,
मला विचार ना.

पत्र्याखाली कागदाचा भुगा भरायचाय म्हटल्यावर
चावदस रद्दीवाला तराजू धरूनच हसला.
"ताई, हाई ते पेटी जाई."

पेटेलच. कागद शेवटी लाकूड,
आणि कापूसही त्याच गोत्रातला.
जिनिंगमध्ये रात्रपाळी केलेल्या माणसाच्या मुलीला
हे कोणी सांगायला नको.
वडील गाठींमधून हिंडायचे, कंदील न घेता,
एकेका गाठीवर तळहात ठेवत.
जाळाला भिऊ नको, म्हणायचे,
जाळ दिसतो तरी.
एक गाठ तीन दिवस पांढरीशुभ्र बसून होती.
पट्ट्या कापल्या, वारा आत गेला,
मग दिसलं तिच्या पोटात काय होतं.

दोधू सोनारानं डबी उघडली. टाकणखार.
तो सवागी म्हणतो, त्याचा बापही म्हणायचा.
"वितळली की काच होते बघ,
सोन्यावर पांघरूण घालते."
कागदावर घालेल का?
"कागदाला कोणी डाग दिलाय आजवर?"
पण फुंकणी त्यानंच धरली,
गाल फुगवून, सत्तरीच्या वयात.
ज्योत भुग्यावर आली, पिवळी झाली,
दोनदा जीभ काढली आणि विझली.
चहा मागवला आम्ही.

सकाळी डबा उघडला तर राख.
राखाडी, मऊ, डब्याच्याच आकाराची.
रात्रभर कोणाला न कळवता
आतल्या आत धुमसत गेलं होतं सगळं.
मी वडिलांच्या खुर्चीकडे पाहिलं नाही.

मग बोरिक पावडर आली,
कॅरम क्लबातल्या पोरांकडून, अर्धा डबा उसना.
सवागी जाळ अडवते,
धुमसणं अडवते ती ही.
किलोला दोनशे ग्रॅम दोन्ही मिळून.
वहीत आधीची बारा पानं खोडलेली आहेत,
ती फाडलेली नाहीत.

सोळाव्या डब्याला दोधूनं पुरती दहा मिनिटं ज्योत दिली.
वरचा थर काळा पडला, कोळशासारखा कडक,
आणि काळा पडला म्हणूनच
खाली ज्योतीला जाता आलं नाही.
जळून गेलेलं आणि जळून थांबलेलं
यांचा रंग एकच असतो, मला ठाऊक नव्हतं.
रात्रभर डब्याशी बसले. थंड.
सकाळी चमच्याच्या दांड्यानं उकरलं:
नखभर काळ्याखाली तपकिरी,
तपकिरीखाली वर्तमानपत्र, वाचता येईल असं.
"…रवला आहे."
हरवला की ठरवला,
ते अक्षर कातरणीत गेलं होतं.
दोधू चष्मा वर करून म्हणाला, ठरवलाच असंल.

भिकनच्या पत्र्याखाली आता चार बोटं भुगा आहे,
खाली प्लायवूड, कोपऱ्यात खिळा वाकडा.
अडीच वाजता एकेचाळीस.
भिकन आभारबिभार मानत नाही.
घाम तेवढाच, म्हणतो,
इस्त्रीला कोण काय भरणार?
पण त्याची पोरगी दुपारी कपड्यांच्या गाठोड्यावर
तोंड उघडं टाकून झोपते,
पूर्वी मारुतीच्या पारावर जायची.

पत्रा मात्र जुना आहे. खिळ्याशी गळेल,
पाणी आत गेलं तर क्षार वाहून नेईल
आणि भुगा पुन्हा नुसता कागद होईल.
म्हणून मी महिन्यातून एकदा स्टूल घेऊन जाते,
छताला तळहात लावते, कोपऱ्याकोपऱ्यानं.
वडील गाठीवर हात ठेवून थांबायचे.
किती वेळ, ते सांगायचं राहिलं.
मी एकवीसपर्यंत मोजते.
भिकन खालून विचारतो, काय लागतंय?
काही नाही, म्हणते,
आणि पुढच्या कोपऱ्याकडे स्टूल सरकवते.