सही-शिक्क्याची नक्कल

वैजूला बघून गेलेल्या स्थळाबद्दल
पिठाच्या गिरणीत कुणीतरी अर्धं वाक्य सांडलं :
"पोरगं बरं हाय, पन ते केसचं..."
पुढचं पट्ट्याच्या आवाजात दळून गेलं.

म्हणून मी खानापूरला.

ठाण्यातल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं,
दाखला ज्याचा त्यालाच मिळतो.
तुमचा हवा तर अर्ज करा,
बोटांचे ठसे द्यावे लागतील.
मी बोटं पदराखाली घेतली,
उगाच.

कोर्टात नक्कल विभागाच्या खिडकीत
एक हात, हाताला घड्याळ, घड्याळात एकला पाच कमी.
"केस नंबर?"
"तोच शोधायला आलो की."
"नंबर असला तर केस सापडते."
आणि केस आहे की नाही हेच माहीत नसलं तर?
हात आत गेला. जेवणाची सुट्टी.

बाहेर कडुलिंबाखाली चन्नबसप्पाचं टाईपयंत्र,
शेजारी वर्तमानपत्रात गिरमिट.
अर्जाचे तीस, स्टॅम्प वेगळा.
"नाव सांगा."
मारुती यल्लाप्पा पाटील.
तो इतका हसला की चुरमुरा घशात अडकला.
"अवो अक्का, या तालुक्यात दगड उचलला
की खाली एक मारुती यल्लाप्पा पाटील असतोय."
तरी त्यानं टाईप केलं,
माझ्या मराठीचं कानडी करत,
मधे एकदाही न थांबता,
खाता खाता.

पंधरा दिवसांत चार खेपा. एकदा साहेब रजेवर,
एकदा लाइट नाही, एकदा किल्ली धारवाडला.
चौथ्यांदा रजिस्टरातून तीन मारुती निघाले.
एक यात्रेच्या रात्री जुगारात, दंड दोनशे.
एक कुठल्यातरी मोर्चात, बसची काच,
साल बघता तो आता आजोबा असेल,
नाहीतर पुढारी.
तिसऱ्याचं वय जुळलं. गल्ली जुळली.
फिर्यादी सावक्का, आरोपीची पत्नी.

पत्नी.
आम्हाला सांगितलं होतं, मुलाचं पहिलंच.

चन्नबसप्पा ओळीखाली बोट फिरवत वाचत गेला.
गिरमिट तसंच राहिलं.
लाकडी पळी. डावा कान.
साक्षीदार शेजारीण, पुढच्या तारखेला शेजारीण गैरहजर,
त्याच्या पुढच्या तारखेला "मला काही माहीत नाही."
शेवटी लोकअदालतीचा एकच शब्द :
राजी.

"म्हणजे तडजोड," तो म्हणाला. "मिटलं."
मला ठाऊक होतं, मी कानडी शाळेतली.
पण आमच्या घरात राजी म्हणजे
मनापासून तयार.
पोरगी राजी हाय न्हवं, असं विचारतात पाहुणे,
कप खाली ठेवता ठेवता,
पोरगी आत असताना.

खाली सावक्काचा अंगठा.
जरा तिरका, खाली ओढल्यासारखा.
कुणी मनगट धरलं होतं,
का शाईच जास्त झाली होती,
नकलेत एवढं दिसत नाही.

दोन शिक्के, एक सही, पावती.
नंदगडच्या बसमध्ये कागद पिशवीत ठेवला,
मग पिशवीतून काढून पोलक्यात.
पलीकडच्या बाकावर एक बाई
डाव्या बाजूला पदर ओढून बसली होती.
दिवसभर मला सगळ्या बायकांचे
डावे कानच दिसत होते.

रात्री वैजू म्हणाली, वाच.
ती मराठी शाळेत शिकली, तिला ही अक्षरं
जिलेबीसारखी दिसतात.
आई म्हणाली, आधी दार लाव.
दार लावलं. वाचलं.
पळी मराठीत वाचली, कान मराठीत वाचला,
शेजारणीचं गैरहजर राहणंही.
शेवटच्या शब्दाचं काही केलं नाही.
होता तसाच म्हटला :
"राजी."

वैजूनं विचारलं,
"कोन?"